देह-राखणीच्या मंत्राला मी दिलेलं शून्य

माझा मित्र रविवारी आमच्याकडे खेळायला यायचा का थांबला, हे मी इतकी वर्षं कुणाला खरं सांगितलेलं नाही. कुणी विचारलं की मी ‘गुडघे’ म्हणायचो. त्याचे गुडघे शेवटपर्यंत ठणठणीत होते. वटार गावातल्या त्याच्या केळीच्या बागेत तो तासन्‌तास उकिडवा बसून काम करायचा. गुडघे हे माझं खोटं. ते मी इतक्या सराईतपणे बोलत आलो की आता माझा मलाच संताप येतो.

खेळ माझ्या मुलीने घरात आणला होता. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. ती गोष्ट सांगणार, आपलं पात्र काय करतं ते आपण सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवणार. जावई चोर झाला, मी तलवार घेतली. मित्र क्लेरिक झाला, म्हणजे देवाच्या नावाने मंत्र टाकून सोबत्यांच्या जखमा भरणारा.

“आमच्या आयला घरात एक तरी फादर पायजे होता,” तो म्हणाला. “सत्तरीत का होईना, झालो.”

आम्ही दोघांनी एकाच कारखान्यात तीस वर्षं काढली. तो मेंटेनन्सला, मी स्टोअरमध्ये. आलेला माल तपासायचा आणि बिनकामाचा असला तर परत पाठवायचा, हे माझं काम. नोकरी संपली, खोड राहिली. क्लेरिकला दर दिवशी तीनच मंत्र निवडता येतात हे कळल्यावर मी वही काढली आणि यादीतल्या प्रत्येक मंत्राला उपयोग बघून दहापैकी गुण दिले. जखम भरण्याला नऊ. विष उतरवण्याला सात. देह-राखण नावाचा एक मंत्र होता; तो टाकला की मेलेल्या माणसाचा देह दहा दिवस जसाच्या तसा राहतो. त्याला मी शून्य दिलं आणि खाली लाल रेघ ओढली. हे कुणीही मला करायला सांगितलं नव्हतं.

मित्र दर रविवारी जखमेचे दोन मंत्र घ्यायचा आणि तिसरी देह-राखण. मी वही दाखवायचो. तो म्हणायचा, “असू दे रे साहेब. एखादा आपल्या आवडीचा.” मी त्याचा साहेब कधीच नव्हतो. कानाला पेन लावून फिरायचो म्हणून त्याने ठेवलेलं ते नाव.

मग तो रविवार आला. गुहेत माझा तलवारवाला जखमी होऊन पडला. जखमेचे दोन्ही मंत्र आधीच खर्ची पडले होते.

“टाक की मंत्र!”

“राखण तेवढी उरलीय.”

“वा! म्हणजे मी मरणार, पण सडणार नाही.”

जावई हसला. मी तिथे थांबायला हवं होतं. फासा पडला आणि माझं पात्र मेलं. एका कागदावरचा माणूस मेला, आणि माझं डोकं फिरलं.

“सहा महिने हा भिकार मंत्र उराशी धरून बसलायस,” मी ओरडलो. “एकदा तरी कामाला आला? मढं ताजं ठेवायचं तर पाचूबंदरला जा, मासळीच्या बर्फाच्या लाद्या मिळतील. त्याला देव कशाला पाहिजे?”

मुलगी म्हणाली, “बाबा, पुरे.” मित्राने आपले फासे एकेक करून पिशवीत टाकले.

“बर्फाने नाय राहत रे,” तो म्हणाला. “तुला म्हाइत आहे.”

तो चप्पल घालून निघाला. त्याचा चहा तसाच होता. पुन्हा तो कधी आला नाही.

मला माहीत होतं. पाचूबंदरचा बर्फ मीच आणला होता.

त्याची बायको गेली ती या खेळाच्या कितीतरी वर्षं आधी, मे महिन्यात. एकुलता मुलगा आखातात. तिकीट मिळालं ते तिसऱ्या दिवसाचं. भाड्याने शीतपेटी आणली, पण रात्रभर वीज नव्हती. सकाळी मी टेम्पोने बर्फ आणला, लाकडाच्या भुशात गुंडाळून. ओसरीवर पाणी वाहत होतं. मित्र फडक्याने ते टिपत होता, पिळत होता, पुन्हा टिपत होता. “पोरगा येईस्तोवर,” एवढंच म्हणायचा. दुपारी मी त्याला बाजूला घेतलं आणि स्टोअरमधल्या आवाजात म्हणालो, “आता थांबून उपयोग काय? तो आला तरी काय बघणार आहे?”

तो माझं सगळं ऐकायचा. पाच वाजता दफन झालं. मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन थेट सिमेट्रीत गेला. ओली माती बघून परत आला.

त्या रविवारी ओरडेपर्यंत ते मी विसरलो होतो. हीच गोष्ट मला सहन होत नाही. त्याने मला त्याबद्दल एका शब्दाने कधी दोष दिला नाही. फक्त खेळात, कागदावर, तिसऱ्या जागी तो एक मंत्र जपून ठेवायचा, आणि मी त्याला शून्य दिलं. दुसऱ्याच्या दुःखाचा उपयोग ठरवणारा मी कोण लागून गेलो होतो?

मी वटारला गेलो नाही असं नाही. तीनदा गेलो. “काय साहेब, वाट चुकला?” तो केळीच्या रांगेतून विचारायचा. मी म्हणायचो, “केळी न्यायला आलो.” तो विळ्याने फणी कापून हातात द्यायचा. आमच्याकडे केळी काळी पडेपर्यंत राहायची. मला खाववायची नाहीत.

तो गेला तेव्हा शीतपेटी नीट चालली, इन्व्हर्टरही होता. दोन दिवस सगळे मुलासाठी थांबले. या वेळी कुणी माझं मत विचारलं नाही. मुलगा आला, पेटी उघडायला लावली, आणि दुपारभर बापाचा हात धरून बसला. मध्येच त्याने बापाची कॉलर सरळ केली. फादर दारात आले तरी उठला नाही. त्या मंत्राचा उपयोग काय, ते मी तेव्हा ओसरीवर उभा राहून पाहिलं.

दफनानंतर तो माझ्याजवळ आला. “अंकल, पप्पा फोनवर त्या खेळाबद्दल किती सांगायचे. मग मध्येच यायचे का बंद झाले?”

बापाला सांगायचं राहिलेलं निदान मुलाला तरी सांगायचं, असं ठरवून मी घरून निघालो होतो. तुझी आई गेली तेव्हा मी त्याला तुझ्यासाठी थांबू दिलं नाही, आणि नंतर त्याच गोष्टीवरून त्याची चेष्टा केली. मला माफ कर. वाक्य तयार होतं, रिक्षात दोनदा म्हणून पाहिलं होतं.

“गुडघे,” मी म्हणालो. आणि वर विचारलं, “विमान वेळेवर होतं ना?”