मामीनं दहाला लावलेलं गाणं

आमच्या नात्यागोत्यात कॉम्प्युटर शिकलेली मी एकटीच, हे मी बरीच वर्षं मिरवत होते. तो तोरा माझ्या मामीनं उतरवला. शाळा नववीत सुटलेली ही बाई इस्पितळाच्या कपडेखोलीत शिवणकाम करते. तिची शिवण उसवलेली कुणी पाहिलेली नाही.

मामाला अर्धांगवायूचा झटका आला आणि त्याचा उजवा हात लुळा पडला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, रोज अर्धा तास हात हलवा, नाहीतर दोन महिन्यांत खांदा आखडेल आणि मग तो कायमचाच. मामी सकाळी सातला कामावर जाते ती तीनला परत येते. मामा घरी एकटा, त्यातून एक नंबरचा हट्टी. पण त्यानं तीस वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेली. गाणं लागलं की त्याचं अंग गप्प बसत नाही, हे मामीला पक्कं माहीत.

घरात मी दिलेला जुना लिनक्सचा कॉम्प्युटर होता. दहा वाजले की त्यावर गाणी आपोआप सुरू व्हावीत, असं तिनं ठरवलं. नुसता आवाज उपयोगाचा नव्हता. मामाला ऐकू कमी येतं, त्यामुळे गाण्याच्या प्रोग्रॅमची खिडकी उघडून त्यातल्या ठेक्यावर उड्या मारणाऱ्या पट्ट्या दिसायला हव्यात. मी फोनवर तिला क्रॉनची ओळख करून दिली. हा प्रोग्रॅम वेळ पाळतो, किती वाजता काय करायचं ते एका ओळीत लिहून ठेवायचं, बस. काही बिघडलं तर त्याची नोंद एका फाइलीत पडेल, तेही शिकवलं. मामीनं गाणं लावायची आज्ञा आधी हातानं टाइप करून बघितली. खिडकी उघडली, गाणं लागलं. मग तीच आज्ञा तिनं दहाच्या वेळेला लावून टाकली.

रोज तीनला घरी आली की ती विचारायची आणि मामा म्हणायचा, वाजलं की, केला व्यायाम. असे आठ दिवस गेले. हात मात्र होता तिथंच. मामीच्या मनात पाल चुकचुकली. तिनं नोंदींची फाइल उघडली, तर रोज दहाच्या ठोक्याला तीच तक्रार, पडदा, म्हणजे स्क्रीन, सापडत नाही. गाणं एकदाही लागलं नव्हतं.

"अहो, आठ दिवस कोणतं गाणं ऐकलंत?" तिनं विचारलं.

मामा म्हणाला, "एकट्यानं करताना हात उचलला गेला नाही ना, तर भीती वाटते. तू असलीस की नाही वाटत."

त्यावर ती रागावली नाही. संध्याकाळी तिनं मला फोन केला. हातानं चालतं ते वेळ लावून का चालत नाही, हे मलाही पटकन सुचेना. रविवारी येऊन बघते, असं म्हणून मी वेळ मारून नेली. मामीकडे रविवारपर्यंत थांबायला वेळ नव्हता. तासाभरानं तिचा पुन्हा फोन.

"पडद्याला नंबर असतो का गं?"

त्यांच्या कपडेखोलीत प्रत्येक गठ्ठ्याला वॉर्डाचा नंबर टाचतात. नंबर नसेल तर वेळेवर निघालेला गठ्ठाही व्हरांड्यात पडून राहतो. मामी म्हणाली, मी याला काय आणि कधी ते सांगितलं, कुठं ते सांगायचं राहिलं. मी स्वतः लावते तेव्हा पडद्यासमोरच असते, म्हणून त्याला कळतं. पाठीमागून काम करणाऱ्याला कसं कळणार? ऐकून मी तोंडात बोट घातलं. असतो नंबर, म्हटलं, तुमच्याकडे बहुतेक शून्य. मग आज्ञेच्या आधी डिस्प्ले, बरोबरचं चिन्ह, विसर्गासारखी दोन टिंबं आणि शून्य, एवढं तिनं टाइप केलं, पाच मिनिटांनंतरची वेळ लावली आणि फोन चालूच ठेवून, कॉम्प्युटरकडे पाठ करून भांडी घासत बसली. पाच मिनिटांनी खिडकी उघडली. तिच्या फोनवरून गाणं मलाही ऐकू आलं, आणि खरं सांगते, माझ्या पहिल्या नोकरीच्या पत्रानंही मला एवढा आनंद झाला नव्हता.

वेळ परत दहाची करण्याआधी मामीनं आणखी एक काम केलं. यादीत गाण्यांच्या आधी स्वतःचा आवाज भरला. अहो, उठा, मी मोजते, असं म्हणून एकपासून वीसपर्यंतचे आकडे, सावकाश, मध्ये दम खायला जागा ठेवून.

दोन महिने झाल्यावर तपासणीला मीही सोबत गेले. व्यायामाच्या बाईंनी मामाचा खांदा सगळीकडून फिरवून पाहिला आणि विचारलं, घरी तर दिवसभर कुणी नसतं ना, मग तुमच्याकडून रोज व्यायाम करून कोण घेतं?

मामानं उजवा हात हळूहळू उचलला, खांद्याच्या रेषेत आणला आणि मामीकडे बोट दाखवलं. आधाराला डावा हात लावलेला नव्हता. मामीनं चेहरा दुसरीकडे वळवला.

"ठेवा आता खाली, दुखेल," ती म्हणाली.

मामानं ठेवला नाही.