सरांनी चढवलेले पाणी

सर 'शी' फार हळू म्हणत. मोठ्याने म्हटलेल्या 'शी'मध्ये थोडा राग असतो, थोडी गंमतही असते. सरांच्या 'शी'मध्ये नुसती किळस असे. जेवताना दाताखाली खडा आला की माणूस जबडा थांबवतो, तसे ते क्षणभर थांबत आणि मग ते अक्षर ओठांच्या फटीतून बाहेर येई. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या कचेरीत पाठीमागे त्यांना शी-सर म्हणत. त्यांना ते ठाऊक होते. "बरोबरच आहे," ते मला म्हणाले होते, "दुसरं काही बोलण्यासारखं कुणी करतच नाही."

त्यांना जाऊन महिना झाला. शोकसभेत कुणीतरी भिंतीवर चित्रफीत लावली होती. कुठल्यातरी परक्या बर्फाच्या डोंगरांवरून कॅमेरा उडत होता, मध्ये सरांचा फोटो तरंगत होता आणि खाली सनई वाजत होती. कौतुकाने लोक माना हलवत होते. मी उठून बाहेर आले.

सर साताऱ्याजवळच्या कोरेगावकडचे. घरी ऊस आणि आले. दोन्ही भाऊ फौजेत गेले, हे शिकले. कराडला इंजिनिअरिंगच्या मुलांना सर्वेक्षण शिकवत होते, ते सोडून सांगलीला आले. का सोडले असे विचारले तर म्हणत, "पोरं वसतिगृहात बसून डोंगराच्या उंच्या लिहायला लागली. माळावर गेलीच नाहीत. आणि आकडे सगळे जुळायचे. शी." उंची हा त्यांच्या लेखी आकडा नव्हता. पाणी कुणाच्या दारात येईल आणि कुणाच्या येणार नाही, याचे ते उत्तर होते.

सांगलीला त्यांना आणले अण्णांनी. अण्णा हळदीचे व्यापारी, जैन, सज्जन, आणि यंत्रांचे वेडे. मोटारीच्या किमतीचा एक वर्कस्टेशन संगणक त्यांनी मागवला होता. नकाशावरच्या उंच्या त्यात भरल्या की विमानातून पाहावी तशी जमीन पडद्यावर दिसेल, तिच्यावरून उडत जाता येईल, असे त्यांना कुणी सांगितले होते. नकाशातल्या कंटूर रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, गिरवून आत भरायला भूगोल शिकलेले माणूस हवे म्हणून मला घेतले. सर मला 'भूगोल' अशीच हाक मारत.

प्रोग्रॅम टेपांवर आला होता. ओळीने एकेक टेप घालायची, तासन्‌तास तिची घरघर ऐकायची, आणि शेवटच्या टेपेला यंत्राने नकार दिला की पुन्हा पहिलीपासून. असे कितीदा झाले. अखेर सरांनी ती टेप उजेडात धरली. फितीवर पिवळे बोट उमटले होते. यंत्राची पूजा करताना अण्णांनी टेपांनाही हात लावून नमस्कार केला होता, आणि अण्णांच्या बोटांची हळद साबणानेही जात नसे.

"अण्णा, देवाला चालतं ते ह्याला चालत नाही," सर म्हणाले.

"आवं सर, हळद हाय ती. निर्जंतुक असती."

सर थांबले. मग ते अक्षर बाहेर आले. स्पिरिटचा बोळा घेऊन सारी दुपार ते टेप पुसत बसले.

पहिले उड्डाण आम्ही साताऱ्याहून सांगलीपर्यंत केले. चित्रे एकेक करून तयार होत, म्हणून आठवडाभर यंत्राला हात लावायचा नाही असे ठरले होते. मग अण्णांना बोलावून ती ओळीने चालवली. साताऱ्याचा किल्ला खालून गेला, कृष्णेचे खोरे उलगडले, कराडचा संगम दिसला, आणि पुढे अचानक भिंत उभी राहिली. तिच्यावर, साताऱ्याच्या सगळ्या डोंगरांच्या वर, सांगली वसली होती. माझ्याकडचे सांगलीचे नकाशे जुने होते, त्यातल्या उंच्या फुटांत होत्या. साताऱ्याचे नवे, मीटरमधले. दोन्ही एकात गेले होते; फुटांचे आकडे यंत्राने मीटर म्हणून घेतले होते.

अण्णा पुढे सरकून बघत राहिले. "सर, हे ऱ्हाऊ द्या की. सांगली कशी झाक दिसतीया."

त्या एकाच दिवशी मी सरांना पोट धरून हसताना पाहिले. पण जाताना ते जिन्यात थांबले. "भूगोल, त्यांना खरंच ठेवायचं होतं ते. कळलं का तुम्हाला?"

कळले नव्हते. अण्णांचे साडू आले तेव्हा कळले. या गृहस्थांनी कृष्णेकाठची मळीची, म्हणजे नदीच्या गाळाची, जमीन घेऊन तिचे प्लॉट पाडले होते. गिऱ्हाइकांना जमीन वरून उडत दाखवायची होती. कचेरीत येताना ते तोंडातला तंबाखूचा रस कुंडीत टाकून येत आणि बोलताना सरांच्या खांद्यावर हात ठेवत. सर तो खांदा नंतर रुमालाने झटकत.

आमच्या नकाशात त्या जागेतून एकही कंटूर जात नव्हती, इतकी ती सपाट. म्हणून सर स्वतः लेव्हलची दुर्बीण घेऊन गेले. मी मोजपट्टी धरली. घाटावरच्या एका दगडावर जुन्या पुराची खूण कोरलेली आहे, तिथून उंची मोजत आम्ही प्लॉटांपर्यंत आलो. मधल्या प्लॉटावर सर उभे राहिले. पुराची रेषा त्यांच्या टोपीच्या बरीच वर गेली.

साडूंना ते सांगितले. ते म्हणाले, "पूर काय रोज येतोय व्हय? तुमी चित्राचं बघा. पापडागत सपाट दिसतंय. जरा उठाव आणा." प्रोग्रॅममध्ये तशी सोय होतीच. जमीन तीच ठेवून नुसती उंची कितीही पट वाढवता येई. दहापट केली की मळीतला उंचवटा टेकडीसारखा दिसे.

"जमीन आहे ती. भाकरी नाही फुगवायला," सर म्हणाले.

साडू गेल्यावर अण्णा सरांच्या टेबलाशी येऊन खाली बघत उभे राहिले. "सर, साडू हाय त्यो. न्हाई म्हटलं तर घरात माझं पान वाढायचं बंद हुईल."

दुसऱ्या दिवशी सर मला म्हणाले, "उंची वाढवतो. पण त्याच मापानं पाणीही चढवतो, खुणेपर्यंत. माणसं घर बांधायला निघालीत, त्यांना डोळे आहेत. बघतील." इतके मन लावून काम करताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते. पाणी कुठल्या बांधावरून आधी शिरेल, कुठे वळेल, हे सगळे त्यांनी खऱ्या उंच्यांवरून काढले.

गिऱ्हाइके आली. बरोबर बायकामुले. साडूंनी भडंग वाटले. तेलकट बोटे पडद्यावर टेकवून लोक आपापला प्लॉट शोधू लागले. सर भिंतीला टेकून उभे होते. चित्र सुरू झाले. आकाशातून नदीच्या वळणावर उतरणे, हिरवी टेकडी, पांढऱ्या रेषांचे प्लॉट. मग पाणी चढू लागले. पाण्याला प्रोग्रॅमने आपणहून दिलेला रंग होता, स्वच्छ निळा, वर उन्हाची चकाकी. ते प्लॉटांच्या कडेने हळूहळू भरत गेले.

पुढच्या बाई म्हणाल्या, "भाऊ, हे तळं आपल्याच सोसायटीचं का?"

साडूंना क्षणही लागला नाही. "तर वं वैनी. बोटिंग बी ठेवणार हाय."

"ते पुराचं पाणी आहे," सर पुढे येऊन म्हणाले. "तुमचे प्लॉट बुडताहेत. नीट बघा."

लोक एकमेकांकडे बघू लागले. मग फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार बसल्या जागेवरून, अगदी आदराने म्हणाले, "सायेब, आमी नदीकाठची माणसं. पूर कवा निळा असतोय व्हय? पूर दूध घातलेल्या च्यासारखा असतोय."

सगळे हसले. साडूही हसले आणि त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर हायेत. चेष्टा करत्यात." सरांनी या वेळी खांदा झटकला नाही. ते पडद्याकडेच बघत होते.

उरलेले प्लॉटही भराभर गेले. पुढच्या आठवड्यात सर साताऱ्याला गेले ते परत आले नाहीत. त्या यंत्रावर नंतर साडूंच्या दुसऱ्या जागांची चित्रे झाली. मीही फार दिवस तिथे टिकले नाही. त्या साडूंच्या गळ्यात पुढे पुष्कळ हार पडले. त्यांच्याबद्दल मला जे वाटते ते लिहायला मराठीत शब्द आहेत, पण ते लिहिल्यावर हात धुवावे लागतील.

महापूर आला तो बऱ्याच वर्षांनी. पाणी ओसरल्यावर सरांचा फोन आला, "भूगोल, येता का?" आम्ही मळीत गेलो. गाळाचा आणि मेलेल्या जनावरांचा वास इतका होता की मी पदर नाकाला लावला. घरांच्या भिंतींवर पाण्याची तपकिरी रेषा सरळ ओढल्यासारखी दिसत होती. एका दारात हवालदार भिजलेल्या गाद्या बाहेर ओढत होते. म्हातारे झाले होते. त्यांनी सरांना ओळखले.

"सायेब, तुमी दावलं हुतं तेवढंच आलं बघा. बोटभर बी इकडं तिकडं न्हाई."

"रंग चुकला माझा," सर म्हणाले. "बदलता आला असता. मला ते चित्र छान दिसत होतं म्हणून मी बदलला नाही."

हवालदारांनी गादी खाली ठेवली. "रंगाचं काय घिऊन बसला? गढूळ दावलं असतं तरी आमी दुसरं कायतरी म्हटलो असतो. पैसं दिऊन झालं हुतं, सायेब."

सरांनी चपला काढल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, दाराशी टेकवलेले फावडे उचलले आणि विचारले, "गाळ कुठल्या खोलीपासून काढायचा?"