मिसरीपुरतं बसणं

एरंडोलजवळच्या आमच्या गावात माझ्या लहानपणी सकाळ व्हायची ती भाजक्या तंबाखूच्या वासानं. माय तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, बारीक कुटायची आणि डबीत भरून ठेवायची. ही मिसरी. चहाआधी माय आणि तिच्या दोन्ही जावा ओट्यावर बसून ती दातांना लावत. तिघींची बोटं तोंडात, तरी तोंडाचा पट्टा चालूच. कोणाची केळी कापणीला आली, कोणाची सून अजून माहेराहून परतली नाही, सगळं तिथंच कळायचं. मला तो वास आजही आवडतो. वाईट आहे हे ठाऊक असूनही आवडतो.

गेल्या हिवाळ्यात मायला माठातलं पाणी झोंबायला लागलं. खालचे पुढचे दात लांब दिसू लागले, एक तर हलायलाही लागला, हिरड्यांतून रक्तही येऊ लागलं. ठणक लागली की ती आणखी मिसरी चोळायची. तेवढ्यापुरतं बधिर व्हायचं, म्हणून तिला तेच औषध वाटे. शेवटी मी तिला अक्षरशः ओढत जळगावला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"हिरड्या खाली सरकल्यात," त्या म्हणाल्या. "गेलेली हिरडी आपोआप परत येत नाही. आहे ती मात्र राखता येईल. मिसरी बंद करा."

त्यांनी दातांवर चढलेला थर काढला, मऊ ब्रश दिला आणि तो हलक्या हातानं हिरडीकडून दाताकडे कसा फिरवायचा ते दाखवलं. भांडी घासल्यासारखा आडवा जोर लावायचा नाही, हे दोनदा बजावलं.

मायनं ऐकलं, याचंच मला नवल. डबी तिनं स्वतःच्या हातानं उकिरड्यावर टाकली. हळूहळू रक्त यायचं थांबलं, हलणारा दातही टिकला. मी फोनवर सगळ्यांना फुशारकीनं सांगत सुटले.

परवा गावी गेले. सकाळी दोघी काकू नेहमीसारख्या ओट्यावर बसलेल्या. माय मोरीत दात घासून थेट गोठ्याकडे निघाली. मी म्हटलं, "माय, त्यांच्यापाशी बस ना घडीभर."

"दात घसाई गयात," ती पाटी उचलत म्हणाली. "आते बशीसनी काय करू?"

दात घासून झाले, आता बसून काय करू, म्हणे. मिसरी तोंडात असेपर्यंत मायला कुणी काम सांगत नसे, तिची सासू, म्हणजे माझी आजीसुद्धा नाही. उभ्या दिवसात तिला बिनकामाचं बसता येई ते तेवढंच. आजी जाऊन वर्षं झाली. आता मायला हाक मारणारं घरात कुणी नाही, तरी तिला नुसतं बसता येत नाही.