पंचवीस देहांचं उद्दिष्ट

वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात बाईंची बदली झाली, तेव्हा त्यांच्या जावेने पहिला प्रश्न विचारला, "तिथे डबा कसा खाणार?"

"तोंडाने," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून जाऊ त्यांच्या हातचा चहा घेईनाशी झाली. बाईंना सकाळी दहा मिनिटं जास्त झोपायला मिळू लागलं.

बदली शिक्षा म्हणूनच झाली होती. आधीच्या विभागात एका बड्या डॉक्टरांच्या रजेच्या अर्जावर बाईंनी 'आजारपण' खोडून 'मेव्हण्याचं लग्न' असं लिहिलं होतं. ते खरं होतं, हीच अडचण. अशा तोंडाळ लिपिक बाईला जिथे कुणी उलट बोलणार नाही तिथे टाका, असं वर ठरलं. इथली निम्मी माणसं टेबलावर आडवी असायची आणि उरलेली परीक्षेच्या धास्तीने अर्धमेली.

बाईंच्या वाट्याला टाइपिंग, हजेरीपत्रक आणि देहदानाचा फोन आला. आधीचा लिपिक तो फोन उचलून "जेवणाच्या सुट्टीनंतर करा" म्हणायचा, आणि तेही तासाभरापूर्वी ज्याचा बाप गेलाय त्याला. बाई तिसऱ्या घंटीच्या आत फोन उचलत. पहिलं वाक्य ठरलेलं: "उभे असाल तर आधी बसा." मग कोणते कागद आणायचे, कुणाची संमती लागते, किती तासांत पोचायचं, हे दोनदा सांगत. विभाग धुलाईघराच्या मागे होता, गाड्या चुकून थेट स्वयंपाकघराच्या दाराशी जात, म्हणून बाई स्वतः फाटकाशी जाऊन उभ्या राहत. वर्षभरात चाराचे एकोणीस देह झाले. ते बाईंमुळे झाले हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं, बाईंच्याही.

देहदानाचा अर्ज भरलेल्यांत एक म्हातारे शिंपीकाका होते. दुकान मुलाच्या हाती सोपवून मोकळे झालेले. दर सोमवारी दहाला त्यांचा फोन येई.

"बाई, मी आहे अजून."

"बरं काका. घाई नाही."

अशात विभागाचा वार्षिक अहवाल करायची वेळ आली. त्यात दोन भाग असत: 'वर्षातील प्रगती' आणि 'भावी उद्दिष्टे'. आजवर मागच्या वर्षीचा अहवाल घेऊन फक्त साल बदलत असत, त्यामुळे 'अद्ययावत संग्रहालय' नऊ वर्षं पूर्णत्वाच्या उंबरठ्यावर उभं होतं. या वेळी विभागप्रमुख मॅडमना एकोणीसचा आकडा सापडला आणि त्या खूश झाल्या. कारण म्हणून त्यांनी 'व्यापक जनजागृती मोहीम' लिहिली. मोहीम म्हणजे एक कापडी फलक. तो एक दुपार कॅन्टीनबाहेर टांगला होता, मग कुणीतरी त्याने आपली मोटरसायकल झाकली. बाईंनी ते मुकाट टाइप केलं. पुढच्या ओळीवर मात्र त्यांचा हात थांबला.

"मॅडम, हे पंचवीस कोण?"

"कोण काय? पुढच्या वर्षीचं उद्दिष्ट आहे. पंचवीस देहदानं."

"पण मरायचं त्यांना आहे ना?"

मॅडमनी चष्मा काढला. "बाई, वाढ दाखवावी लागते. डीनसरांना आकडा हवा असतो."

"आणि वर्षअखेरीला दोन कमी पडले तर? घरात माझी एक जाऊ आहे, पण दुसरं कुठून आणू?"

मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला. "टाइप करा," त्या म्हणाल्या.

सोमवारी बाईंनी ही गोष्ट काकांना सांगितली. काकांनी लगेच विचारलं,

"पंचवीस मला धरून?"

"धरून."

"म्हणजे मी जगून विभागाची प्रगती अडवतोय. येऊन बघतोच एकदा जागा."

बुधवारी ते आले, इस्त्रीचा सदरा घालून, खिशात सवयीने टेप. नेमक्या त्याच वेळी दोन बहिणी आपल्या आईला घेऊन आल्या होत्या. बसायला काही नव्हतं. थोरली भिंतीला टेकून उभी होती, धाकटी फिनेलच्या डब्यावर बसली होती. काकांनी स्ट्रेचरकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, चादर आखूड आहे. पाय उघडे पडलेत."

बाईंनी असे पाय वर्षभर पाहिले होते. एकोणीस जणांचे. आणि एकदाही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांचे कान तापले. त्यांनी टेबलावरचा आपला स्कार्फ उचलला आणि आजींच्या पायांवर पांघरला. धाकटीने तो नीट खोचून घेतला.

गुरुवारी आढावा बैठक होती. कागद वाटायला बाई हजर होत्या. डीनसरांनी उद्दिष्ट वाचलं आणि खुशीत म्हणाले, "पंचवीस छान आहे. पण तीस का नको?"

"करा की तीस," बाई म्हणाल्या, "पण मग नावंही आपणच ठरवून घेऊ."

कुणीतरी खोकलं. डीनसरांनी कागद खाली ठेवला. "तुम्ही काय लिहिलं असतं?"

"आपल्या हातात आहे ते. नातेवाइकांना सहा खुर्च्या. फाटकापासून बाणाच्या पाट्या. अंगभर चादरी. आणि माझ्या रजेच्या दिवशी फोन उचलणारं माणूस."

"खुर्च्या हे विभागाचं उद्दिष्ट असतं का?"

बाई काही बोलायच्या आत मॅडमच म्हणाल्या, "सर, नऊ वर्षं आपण संग्रहालय लिहितोय. खुर्च्या निदान येतील."

छापील अहवालातून पंचवीसचा आकडा गळाला. खुर्च्यांचं नाव 'शोकाकुल कुटुंबीयांसाठी सर्वांगीण सुविधा-विकास' असं पडलं. संग्रहालय होतं तिथेच राहिलं. चार महिन्यांनी पाच खुर्च्या आल्या, सहावी डीनसरांच्या दालनात अडकली. चादरींसाठी कापडाचा तागा आला. धुलाईघरातला माणूस कडा तशाच सोडणार होता, पण काकांनी तागा घरी नेला आणि चाळीस चादरी दुमडून, दुहेरी टीप मारून परत आणल्या. वर त्यांनी बाईंना बजावलं की कपाटात कसर लागेल, डांबरगोळ्या टाका. त्या वर्षी देह आले सतरा. गेल्या वर्षीपेक्षा दोन कमी का, असं कुणी विचारलं नाही.

खुर्च्यांवर पहिला बसला तो एक धिप्पाड ट्रकचालक, बापाला पोचवायला आलेला. तो पाणी प्यायला आणि बाप किती शिवराळ होता ते सांगू लागला. एकेक शिवी आठवून हसे आणि नाक पुसे. बाई शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत राहिल्या. टेबलावर वर जायचं तातडीचं पत्र अर्धवट पडलं होतं. मॅडम दारात आल्या, दोघांना पाहिलं, आवाज न करता बाईंच्या जागी बसल्या आणि दोन बोटांनी ते पत्र टाइप करू लागल्या. घाईत 'विभागप्रमुख'चं 'विभ्रमप्रमुख' झालं, खाली त्यांची सही झाली आणि पत्र तसंच वर गेलं.