दोघांची हवा

इकबाल सरांच्या साठीनिमित्त अंक निघतोय, आजी, तुम्हीही लिहा, असं त्यांच्या शिष्यांनी मला सांगितलं. मी बेलपाड्याची, चौथी शिकलेली. गोड लिहिता येत नाही. जे पाहिलं ते लिहिते.

सरांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. माझी नात सानिका पनवेलच्या तरणतलावावर त्यांच्याकडे पाठीला टाकी बांधून पाण्याखाली जायला शिकते, हे मला शेजारणीकडून कळलं. आईवेगळी पोर, मी वाढवलेली. तशीच रिक्षाने गेले आणि चारचौघांत विचारलं, "माझी नात खाली रायली तर तुमी आनून देनार काय?"

सर उरणचे. आखातात वीस वर्षं जहाजांच्या तळाशी काम केलेले. त्यांनी मला खुर्ची दिली आणि मी बोलत असताना घड्याळाकडे बघत बसले. मला आणखीच राग आला. माझं संपल्यावर म्हणाले, "आजी, मिनिटाला तीस श्वास. एरवी पंधराच असतील. पाण्याखाली घाबरलेला माणूस असाच हवा खातो. आम्ही हिशेब घाबरलेल्याचा धरतो, शांत माणसाचा नाही."

"टाकीत ऑक्सिजन किती ते सांगा आधी."

"ऑक्सिजन नाही आजी, तुमच्या अंगणातलीच हवा. दाबून भरलेली."

मग त्यांनी सगळं समजावलं. जितकं खोल, तितकी एका श्वासात जास्त हवा जाते. म्हणून उतरण्याआधीच ठरवायचं, की तळाशी जोडीदाराची हवा अचानक संपली, तर एकाच टाकीवर दोघांनी, घाई न करता, वाटेत तीन मिनिटं थांबून (एकदम वर येणं अंगाला बाधतं) वर यायला किती हवा लागेल. टाकीत किती हवा उरली ते दाखवणारा काटा त्या आकड्यावर आला की वर निघायचं. खाली सोनं दिसलं तरी निघायचं.

"म्हणजे माझ्या नातीनं दुसऱ्याची हवा वागवायची?"

"हो. आणि दुसऱ्याने तिची."

मी म्हटलं, बघू.

त्यांच्याकडे प्रत्येकाने हा आकडा उतरण्याआधी मोठ्याने सांगायचा असतो. एका बिल्डरसाहेबांनी एकट्यापुरताच काढला. वर म्हणाले, "माझी टाकी, माझी हवा." सर म्हणाले, "मग समुद्रही घरून आणा." आणि त्यांना बोटीतच बसवून ठेवलं. पैसेवाला बघून वाकणारे गुरुजी मी खूप पाहिलेत. हे वाकत नाहीत.

मायाही आहे, पण दाखवत नाहीत. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा विचारायला आले नाहीत, कमोडची खुर्ची घेऊन आले. ईदला त्यांच्या घरून शिरखुर्मा येतो. साखर जास्त असते. दरवर्षी सांगते, दरवर्षी तितकीच असते.

आता खरी गोष्ट. गेल्या हिवाळ्यात मालवणच्या समुद्रात सानिका आणि सर जोडीने उतरले होते. सहा मजले खोल. आकडा ठरला होता सत्तर; भरलेली टाकी दोनशे दाखवते. तळाशी एक जुना नांगर दिसला. सरांनी खुणेने सांगितलं, दोन मिनिटं थांब. सानिकाचा काटा सत्तरवर आलेला. तिने अंगठा वर केला, म्हणजे पाण्याखालच्या खुणांत 'वर चला'. सरांनी पुन्हा दोन बोटं दाखवली. पोरीने पुन्हा अंगठा केला. अखेर सर ऐकून वळले आणि तेवढ्यात त्यांच्याच टाकीची नळी फुटली. सगळी हवा बुडबुडे होऊन गेली. सानिकाने आपल्या टाकीची दुसरी नळी त्यांच्या तोंडात दिली. एकमेकांचे दंड धरून, वाटेत तीन मिनिटं थांबून, दोघं वर आले. तेव्हा तिच्या काट्यावर वीस उरलं होतं. ती दोन मिनिटं नांगराला दिली असती, तर हे वीस उरलं नसतं.

ही गोष्ट मला नातीने सांगितली नाही. सरांनी सांगितली, घरी येऊन, तिच्यासमोर. "आजी, नियम माझा, आणि मोडायला मीच निघालो होतो. तुमच्या नातीने मला मोडू दिला नाही." दुसऱ्या दिवशी तरणतलावावर सगळ्या शिष्यांपुढे हेच शब्द बोलले. साठीच्या माणसाला आपली चूक पोराटोरांपुढे सांगायला जे लागतं, ते टाकीत भरून मिळत नाही. त्या दिवसापासून सानिका समुद्रात गेली की मी दुपारी झोपते.

सर, तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो, तब्येत खणखणीत राहो. तुमच्या छातीत माझ्या नातीच्या टाकीतली हवा गेलेली आहे, तेव्हा शिरखुर्म्यात साखर कमी घाला आणि जपून राहा. पंच्याहत्तरीलाही मी भांडायला येणार आहे. श्वास मोजायला घड्याळ घेऊन बसा.