अठ्ठ्याण्णव अंशांच्या टीचर

“कैसा मालूम?” असं विचारून टीचर उजवा तळवा पुढं करायच्या, जणू पुरावा त्यावरच आणून ठेवायचा आहे. समोर नववीतला मुलगा असो की माझ्यासारखा गणिताचा मास्तर, सुटका नसे. एकदा स्टाफरूममध्ये मी म्हणालो, “आज चहा पांचट आहे.” लगेच तळवा पुढं. मी कप अजून तोंडाला लावलाही नव्हता.

हैदराबादेत काचीगुड्यातल्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. गौलीगुड्यातल्या जुन्या मराठी घरातल्या. माझ्याशी मराठीत बोलायच्या, मुलांशी इथल्या हिंदीत. नोकरी वर्षावर्षाच्या कराराची. अशी माणसं जरा दबून वागतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. या मात्र दबून वागायच्या नाहीत, आणि त्यामुळं धास्ती मला वाटायची.

त्या वर्षी पाणी उकळायचा प्रयोग होता. मुलांचा रिवाज असा, की रेकॉर्डच्या वहीत आदल्या दिवशीच शंभर अंश लिहून यायचं आणि मग प्रयोग करायचा. मीही शाळेत असताना तेच केलं होतं. टीचरनी वह्या मिटायला लावल्या. पारा अठ्ठ्याण्णवला थांबला तो हलेना.

“थर्मामीटर खराब है,” एक मुलगा म्हणाला.

“कैसा मालूम?”

आणखी तीन थर्मामीटर लावून झाले. तेवढंच. मग पाण्यावर संशय आला, म्हणून प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी उकळलं. तरी तेवढंच. शेवटी त्याच वर्गातली माझी मुलगी मुक्ता म्हणाली, हैदराबाद समुद्रापेक्षा उंचावर आहे, इथं हवेचा दाब कमी, म्हणून असेल. टीचर खूश झाल्या, पण “बरोबर” काही म्हणाल्या नाहीत. संक्रांतीच्या सुट्टीत आम्ही विशाखापट्टणमला मेहुण्याकडे जाणार होतो. त्यांनी थर्मामीटर टॉवेलात गुंडाळून मुक्ताकडे दिला. रेल्वेत तो फुटेल या काळजीनं मी धड जेवलो नाही. मेहुण्याच्या स्वयंपाकघरात, समुद्राला लागूनच, तोच थर्मामीटर शंभरला गेला. तीनदा. मी स्वतः पाहिलं.

परतलो तर कळलं, सोमवारी बाहेरचे परीक्षक वह्या तपासायला येणार. परीक्षकांकडच्या नमुना उत्तरात शंभर आणि अख्ख्या वर्गाच्या वहीत अठ्ठ्याण्णव! मी टीचरना जिन्यात गाठलं.

“मुलांचे मार्क जातील. आणि तुमचा करारही एप्रिलमध्ये संपतोय.”

“भीती मलाही वाटते, सर,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही तर पाहून आलात ना?”

मी पाहून आलो होतो. तरीही घरी जाऊन मुक्ताला आकडा खोडायला लावला आणि शंभर लिहायला लावलं. तिनं रडत रडत लिहिलं.

सोमवारी परीक्षकांनी वह्या चाळल्या, कपाळाला आठ्या घातल्या आणि एक वही उचलली. “पूरे क्लास में एकीच लडकी सही लिखी.” मी दाराशी उभा होतो.

मुक्ता उठली. “नहीं सर. मैं अठानवे देखी थी. पप्पा सौ लिखवाए.”

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. टीचर तिच्याजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, “पप्पांना माझी काळजी वाटली गं.” खरं तर मला मुक्ताच्या मार्कांची काळजी होती. पुराव्याशिवाय टीचरनी मानलेली ही एवढी एकच गोष्ट मला माहीत आहे, आणि तीही माझ्या बाजूनं.

“सर, आप खुद देख लीजिए,” म्हणत त्यांनी पाणी तापत ठेवलं. परीक्षक म्हणाले, वेळ नाही. वर्गाचे मार्क कापले गेले.

जूनमध्ये मी टाइमटेबल करायला बसलो. दर वर्षी ते काम माझ्याकडेच असतं. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, विज्ञानाच्या तासांना दुसरं नाव टाका. मी टाकलं.

शाळा उघडली त्या दिवशी मुक्तानं घरी येऊन विचारलं, “टीचरना का काढलं?”

“माहीत नाही.”

“तुम्ही विचारलं नाही?”

“नाही,” मी म्हणालो.

मग तिनंही पुढं काही विचारलं नाही.