चाच्यांच्या डोक्यावरचं टिंब

निवृत्तीनंतर मी अमेरिकेत, ट्रॉयमधल्या रविवारच्या मराठी शाळेत शिकवायला लागलो. सगळी नोकरी गाड्यांचे ब्रेक तपासण्यात गेली होती, त्यामुळे मुलांच्या चुका काढणं जड गेलं नाही. वर्गात माझी आठ वर्षांची नातही असे. जावई लखनौचे, तेव्हा तिच्या घरी हिंदी, इंग्रजी आणि उरल्यासुरल्या जागेत मराठी.

एका रविवारी धडा आरमाराचा होता. समुद्रात चाचे फिरत आणि जहाजं लुटत, असं वाक्य आलं. अर्थ विचारला, तर एकीने सांगितलं की समुद्रात अंकल लोक फिरत. वर्ग हसला, मीही हसलो आणि फळ्यावर लिहिलं: चाचा म्हणजे समुद्रावरचा दरोडेखोर. नात तेवढी हसली नाही. पुढच्या रविवारी ती आलीच नाही.

कारण मला कळायला हवं होतं. जावयांचे धाकटे भाऊ, म्हणजे तिचे चाचा, नोकरी गेल्यापासून त्यांच्याकडेच राहत होते. तिला शाळेतून आणत, सायकल शिकवत. मला मात्र ते ठाण मांडून बसल्यासारखे वाटत.

मी लेकीकडे गेलो. नातीने दारातच सांगितलं, "माझा चाचा रॉबर नाहीये."

तिला वही आणायला लावली. मास्तरकी अंगात मुरली की सुटत नाही. सांगितलं की हा शब्द वेगळा, जुन्या पुस्तकांत तो चांचा असा टिंब देऊन लिहीत. सौराष्ट्राच्या किनाऱ्याला चांच नावाची जागा आहे, तिथले लुटारू ते चांचे, असं काही जण म्हणतात. काही जण तो चोचीशी जोडतात. खरं काय ते मलाही ठाऊक नाही. पुढे शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारली जाणारी टिंबं काढून टाकली, आणि लुटारू आणि काका एकसारखे दिसायला लागले.

तिला हे पटलं. धड्यातल्या प्रत्येक चाच्याच्या डोक्यावर तिने टिंब दिलं. मला वाटलं, सुटलो.

मग तिने विचारलं, "आजोबा, तू पुण्याच्या आजीला फोनवर म्हणालास, लेकीच्या घरात चाचा शिरलाय. त्याच्यावर टिंब होतं?"

बहिणीला मी तसं म्हणालो होतो खरा. वर आपल्याच विनोदावर हसलोही होतो. पोरांना मराठी कळत नाही म्हणून कुरकुरायचं आणि त्याच भरवशावर त्यांच्यादेखत वाटेल ते बोलायचं, अशी आमची तऱ्हा. मला मनापासून लाज वाटली. नाही म्हणालो असतो तर तिने विश्वास ठेवला असता.

"होतं," मी म्हणालो.

तिने वहीच्या कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत 'चांचा' लिहिलं, टिंबासकट, आणि खोडरबर माझ्यापुढे सरकवलं.